जुना भाग, नवा भाग

रेवती पलंगाखाली गेली ती बाहेर यायलाच तयार नव्हती. शाळेचा फ्रॉक तिनं आल्या आल्या स्वतःच काढला, चुरगाळला आणि कपाटामागं कोंबला. अंगात आता बापाचा जुना टी-शर्ट, पार घोट्यापर्यंत. अंगणात तिच्या लाल सायकलीला कुणीतरी चित्रकलेच्या डबीतला हिरवा रंग फासला होता. तो ओघळून फरशीवर आला होता. एरवी वेणी घालून घेताना तोंड थांबत नाही अशी ही पहिलीतली पोर. आज एक अक्षर बोलत नव्हती.

शरयू गुडघे टेकून वाकली.

"बाहेर ये ना बाळा. कोणी काही म्हटलं का शाळेत?"

"बाहेर कोण आहे?"

"पप्पा आणि जहांगीर काका. दुसरं कोण असणार?"

"दार लाव."

 शरयूनं हात आत घालून पोरीचा हात धरला आणि उजेडात ओढला. मनगट घासून घासून लालबुंद झालेलं. कडेनं निळसर.

मुळात शरयूला काळजी करायला निमित्त लागत नसे. पोर शिंकली की हिला न्यूमोनिया दिसे. रिक्षा पाच मिनिटं लांबली की ही फाटकात. मन चिंती ते वैरी न चिंती, असं सासूबाई म्हणायच्या आणि पुढं म्हणायच्या, की हिच्या मनापुढं वैऱ्याचं काही चालतच नाही. पण हे मनाचं नव्हतं. हे मनगट समोर होतं. कुणीतरी पोरीचा हात करकचून धरला होता.

आणि पुढच्या खोलीत दोन बाप्ये भांडत होते. तिचा नवरा गंधार, तहसीलमधला क्लार्क. त्याचा मित्र जहांगीर, खामगावात टायरचं दुकान. शाळेत असताना दोघं बसस्टँडमागच्या सायबर कॅफेत पडीक असत. गाड्या पळवायच्या, मारामाऱ्या करायच्या, पोलिसांना गुंगारा द्यायचा, तो जीटीए नावाचा गेम. भागामागून भाग येत गेले, दोघांची पोटं सुटली, पण कुठला भाग भारी हा खटला काही निकाली निघाला नव्हता.

"अबे, जुन्याची सर तुह्या या पाचव्या भागाले येऊन राह्यली का?" जहांगीरचा आवाज चढला होता. "कपडे बदलले, गाडीले दुसरा रंग मारला, का पोलिस तुले ओळखत नव्हते. काय दिवस होते बे!"

"अन् पाण्यात पाय पडला का गडी बुडून मरे, ते नाही सांगत. एवढा मोठा गुंड, अन् पोहता येत नाही त्याले! नव्यात समुद्राच्या तळाशी जाऊन ये."

"तळाशी जाऊन काय वांगे लावायचे हायेत? स्टार पाय स्टार. जितके स्टार, तितके पोलिस मांगं. जुन्यात पोलिसायचे सहा स्टार. पाच झाले तरी माणूस निभावून नेते, सहाव्याले रणगाडा येते. तुह्यावाल्यात पाचालेच खेळ खलास!"

"अहो!" शरयू आतून किंचाळली. "पोरीचा हात काळानिळा झालाय अन् तुमचं काय चाललंय?"

दोघं धावत आले. गंधारनं मनगट पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. जहांगीरनं खिशातून मोटरसायकलची चावी काढली.

"वैनी, फक्त नाव सांगा. कोण हाये तो?"

"थांबा हो तुम्ही."

शरयूनं वर्गशिक्षिकेला फोन लावला.  घाईत स्पीकर कधी दाबला गेला, तिलाच कळलं नाही.

"वैष्णवी मॅडम, मी रेवतीची आई. आज वर्गात काय झालं? मला खरं सांगा."

"अहो, मीच फोन करणार होते तुम्हाला!" मॅडमचा आवाज हसरा. "काय सुंदर कविता म्हटली तुमच्या मुलीनं! मी तिच्या मनगटावर निळ्या पेननं स्टार काढले. एक नाही, पाच! अख्ख्या वर्गात तिला एकटीला. सगळी मुलं टाळ्या वाजवत होती. पण काय झालं कोण जाणे, ही एकदम पांढरीफटक पडली आणि बाकाखाली जाऊन बसली. सुटीपर्यंत बाहेर नाही आली हो."

फोन बंद झाला. 

शरयूनं अंगठा थुंकीनं ओला करून मनगटावर फिरवला. निळं अंगठ्याला आलं. शाई होती. तिनं खिडकीतून हिरव्या सायकलीकडं पाहिलं. मग हळूच मान वळवून नवऱ्याकडं. दर रविवारी पोरीला मांडीवर घेऊन गेमचा नवा भाग खेळणारा नवरा. 'अगं, ती फक्त गाड्या पाह्यते,' म्हणणारा. गंधार मोठ्या अभ्यासू नजरेनं छताकडं बघत होता.

जहांगीरनं तोंडावर रुमाल दाबला होता, पण खांदे गदगदत होते. शेवटी त्याला राहवलं नाही.

"वैनी, आता तुमीच फैसला करा. भारी कोणता? जुना का नवा?"

शरयू दोघांना एकाच दमात झाडणार होती. शब्द ओठांवर आले होते. इतक्यात पलंगाखालून तिची ओढणी ओढली गेली.

"आई," रेवती अगदी हळू म्हणाली, "जुना म्हण ना. त्याच्यात अजून एक स्टार बाकी असते."