कंडिशनरच्या कप्प्यात पाणी

मंगळवारी दुपारी मुकुंद चरडेने वॉशिंग मशीनच्या मेकॅनिकची कॉलर धरली. नाही, धरली नाही. तसं काही झालंच नाही, आणि झालंच असेल तर ती मागून दुमडली होती म्हणून, सरळ करायला. "या प्रशिकभाऊ, या," असं म्हणून मुकुंदने दार सताड उघडलं.

प्रशिकने बूट बाहेर काढले. जोडीने, भिंतीला समांतर. मोजे धुतलेले होते. मुकुंदने मनात नोंद घेतली. जो माणूस धुतलेले मोजे घालून मशीन दुरुस्त करायला येतो, तो फक्त मशीन दुरुस्त करायला येत नाही.

महिनाभरातली ही चौथी फेरी होती. बिघाड दर वेळी तोच. कपडे धुऊन निघायचे, पण सुगंधाचं जांभळं कंडिशनर ड्रॉवरमधल्या आपल्या कप्प्यात तसंच बसून राहायचं, पाण्यात पातळ होऊन. पहिल्या मंगळवारी प्रशिकने ड्रॉवर बाहेर काढून कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासला. दुसऱ्या मंगळवारी कप्प्यातली निळी टोपी सैल झाली होती, ती दाबून बसवली. ती टोपीच कंडिशनर ओढून खाली सोडते. ती नसली की सगळं जिथल्या तिथे. तिसऱ्या मंगळवारी टोपीच गायब. त्याने बॅगेतली नवी लावून दिली. मशीन वॉरंटीत होतं, त्यामुळे त्याच्या येण्याला काही धरबंध नव्हता.

मुकुंद सावनेरला एका सरकारी ऑफिसात आवक-जावक बघायचा. सकाळी आठला मानकापूरच्या फ्लॅटमधून निघायचा, रात्री आठला परतायचा, जेवायचा, मोबाईलमध्ये तोंड घालायचा आणि तसाच झोपायचा. बारा वर्षांत त्याने घरच्या कामासाठी अर्धी रजाही घेतली नव्हती. सख्ख्या मेव्हण्याच्या साखरपुड्यालाही तो फक्त जेवणापुरता पोचला होता. पण एके रात्री कामिनी, म्हणजे त्याची बायको, भात वाढता वाढता म्हणाली, "तो मेकॅनिक किती शांतपणे समजावून सांगते, नाही?" आणि मुकुंदच्या रजा सुरू झाल्या. मंगळवार आला की अडीचला घरात. हातात विजेचं जुनं बिल, तोंड बाल्कनीतल्या मशीनकडे.

प्रशिक गेला की उलटतपासणी.

"ड्रॉवर काढताना तो हसला काहून?"

"मी सांगितलं त्याले, का कंडिशनर समजून एकदा फिनाईल टाकून राहिली होती मी."

"हे मले नाही सांगितलं तू!"

"तुम्ही विचारलं काय?"

अशी चौकशी दिवेलागणीपर्यंत चालायची. कामिनी एका प्रश्नाला चार उत्तरं द्यायची, मधूनच खापा गावच्या शाळेतल्या मैत्रिणींपर्यंत जाऊन यायची, तिथून मावशीच्या गुडघ्यापर्यंत. चेहऱ्यावर पश्चात्ताप म्हणून नाही. निर्ढावलेली आहे, मुकुंदला वाटायचं.

"ताई, नवी टोपी पण गेली," आज बाल्कनीतून प्रशिक म्हणाला. "तुमच्या घरचे उंदीर कपडे धुते काय?"

कामिनी खळखळून हसली. हा आवाज आपल्या घरात शेवटचा कधी झाला होता, ते मुकुंदला आठवेना. आवाजाची मालकी आपल्याकडे आहे, एवढं मात्र पक्कं आठवलं.

"चहा ठेवते," ती उठली.

"बस वं तू!" मुकुंद ओरडला. "मी ठेवतो."

तिच्या हातचा चहा त्या माणसाच्या घशाखाली उतरू द्यायचा नाही, एवढाच त्याचा कार्यक्रम होता. लग्नानंतर पहिल्यांदाच तो ओट्यापाशी उभा राहिला. गॅस तिसऱ्या काडीला पेटला. साखर कोणती आणि मीठ कोणतं, हे चाखून ठरवावं लागलं. आलं सापडेना. म्हणून त्याने वेलचीची डबी उघडली. डबीत चार वेलच्या होत्या आणि दोन निळ्या टोप्या.

तळहातावर टोप्या घेऊन तो बाल्कनीत आला. प्रशिकने टोप्यांकडे बघितलं, मग कामिनीकडे, मग मुकुंदकडे. "गाडी सावलीत लावून येतो, भाऊ," म्हणाला आणि बूट हातात घेऊनच जिना उतरला.

"तू लपवून राहिली टोप्या?"

"हो."

"त्याले बोलवाले?"

"हो."

"मले वाटलंच होतं!" मुकुंदचा आवाज फाटला. इतके दिवस जे खरं ठरावं म्हणून तो रजा घालवत होता, ते खरं ठरलं होतं, आणि आता त्याचं काय करायचं हे ठरवलेलंच नव्हतं. "एवढा आवडते तो तुले?"

"कोण, तो?" कामिनीने रिकामा ड्रॉवर खट्कन आत ढकलला. "तो आला का तुम्ही अडीच वाजता घरी येता. अन् माह्यासंग बोलता."

आत चहा उतू गेला. मुकुंदने आयुष्यात केलेला पहिला चहा शेगडीनेच पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सावनेरच्या ऑफिसात आवक रजिस्टरमध्ये एक अर्ज चढला. अर्जदार आणि नोंद घेणारा, दोघांची सही एकच होती.

"विषय : दर मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, माझ्या राहत्या घरातील वॉशिंग मशीन आता सुस्थितीत सुरू असून त्यात कोणताही बिघाड उरलेला नाही. सबब, दर मंगळवारी दुपारी अडीच वाजता माझे घरी हजर असणे अत्यावश्यक झाले आहे. तरी सदर रजा सेवानिवृत्तीपर्यंत मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती."