अर्थिंगचा दोष

"हा घेतलात तर मुंगी चालल्याचासुद्धा आवाज येईल," दुकानदार म्हणाला आणि चंदेरी माइक त्याने तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत धरला.

"मुंग्या नकोत," ती म्हणाली. "माझा आवाज आला तरी पुष्कळ."

नवरा हसला. काउंटरवर दोन माइक होते. काळा दणकट होता. तो आजूबाजूचं फारसं मनावर घेत नाही, पण आवाजातलं बारीकसारीकही त्याला कळत नाही, असं दुकानदार सांगत होता. चंदेरी सगळंच ऐकतो. मात्र त्याला शांत घर लागतं.

"घर शांतच आहे हो," ती म्हणाली. "हे दिवसभर कामावर. आणि सासूबाई झटका आल्यापासून बोलतच नाहीत."

"मग डोळे मिटून हाच घ्या."

माइकच्या जोडीला तो कॉम्प्युटरला जोडायची पेटी आली, कानावर घट्ट बसणारा हेडफोन आला. सॉफ्टवेअरही महागातलं घ्यायला नवरा उतावीळ झाला होता, पण दुकानदारानेच त्याला आवरलं. "सुरुवातीला फुकटचं पुरे. कापता येतं, जोडता येतं, खरखर काढता येते. पोहायला शिकायच्या आधी जहाज कशाला घेताय?"

लहान मुलांची गाणी काढणाऱ्या एका कंपनीला तिचा आवाज आवडला होता, पण फोनवरचं रेकॉर्डिंग त्यांना चालणार नव्हतं. शुक्रवारपर्यंत स्वच्छ आवाजात एक अंगाई पाठवायची होती. पसंत पडली तर घरबसल्या वर्षभराचं काम. नाही पडली, तर शाळेतली तिची रजा संपतच आली होती. ती शिकवायला जाणार आणि सासूबाई शुश्रूषागृहात. नवरा तिथे जाऊन पलंग बघून आला होता. त्या दिवशी तो जेवला नव्हता.

सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा पूर्वी अखंड चालायचा. सुनेच्या गाण्याला त्यांनी आयुष्यात एकदाच दाद दिली होती: "गाण्याने भांडी घासली जात नाहीत." तेव्हा ती आठवडाभर फुगून बसली होती. आता तेही ऐकायची तिची तयारी होती. भांडायला का होईना, माणूस लागतं. डॉक्टर मात्र वाचेचं नाव काढलं की कागद चाळायला लागायचे.

अडगळीची खोली रिकामी झाली. भिंतींवर रजया टांगल्या. शेजारी सासूबाईंची खोली होती. तिचंही दार ओढून घेतलं. अंगाई तिचीच होती. गेला महिनाभर कणीक मळताना, सासूबाईंना भरवताना, ती तीच घोळवत होती. पहिल्याच दमात गाणं छान झालं. मग तिने हेडफोन लावून ते ऐकलं आणि तिचा चेहरा पडला.

"खाली काहीतरी घुमतंय."

"अर्थिंग," नवरा म्हणाला. तो वीज कंपनीत मीटर तपासायचा. जगात कुठेही कसलाही आवाज झाला तरी त्याच्या मते दोष वायरिंगचाच.

फ्रीज बंद झाला, पंखे बंद झाले, वायर बदलली. घुमणं तसंच. ती गप्प बसली की तेही गप्प बसायचं. तिने दुकानदाराला फोन केला.

"गाताना पेटीवर ताण येत असेल," तो म्हणाला. "बदलून देतो."

पेटी बदलली, फरक शून्य. नवरा टेस्टर घेऊन खोल्याखोल्यांतून फिरला, तेवढा वेळ मात्र काहीच घुमलं नाही. "डॉक्टर दारात आले की दुखणं पळतं, तसलं आहे हे," तो कपाळ पुसत म्हणाला.

मग सॉफ्टवेअरची पाळी आली. घुमणारा तुकडा त्याला दाखवायचा आणि हे काढ म्हणून सांगायचं. त्याने काढलं, पण तिचा आवाजही असा सोलून काढला की बादलीत तोंड घालून गायल्यासारखा वाटायला लागला.

"सुक्याबरोबर ओलंही जाळतोय हा," नवरा म्हणाला.

शुक्रवार उजाडला. नवऱ्याने रजा टाकली. दुपारी त्याने तिला बसवलं, लॅपटॉपची पिन काढली आणि समजावून सांगितलं, "लॅपटॉप बॅटरीवर, पेटी लॅपटॉपवर. मी खाली जाऊन मेन स्विचच पाडतो. मग घरात वीज म्हणून राहणार नाही. तरी घुमलं, तर नोकरी सोडतो मी."

"नको," ती म्हणाली. "एकाची तरी असू दे."

तो खाली गेला. दिवा विझला. तिने हेडफोन चढवला आणि डोळे मिटले.

"झोप आली डोंगराला, ढग घेतो पांघराया..."

आलंच ते. तेच घुमणं, आज तर जास्तच. तिच्या डोळ्यांसमोर तो पलंग आला, आणि त्यावर भिंतीकडे तोंड करून निजलेल्या सासूबाई. आपण हरलो, असं तिला वाटलं. फार वाईट वाटलं. पुढची ओळ तिने कशीबशी उचलली.

"झोप आली नदीलाही..."

पुढे शब्दच फुटेना. ती थांबली.

घुमणं या वेळी थांबलं नाही. भिंतीपलीकडून, अडखळत, पण अगदी सुरात, सासूबाईंनी ओळ पुरी केली: "वाळू... घेते... अंथराया."