ताग्यातला पुठ्ठा

पाथरीतल्या मठाच्या सभागृहात रुद्राणीच्या ग्रंथाचं प्रकाशन होतं आणि ग्रंथ हातात धरायला कुठेच नव्हता. होता तो इंटरनेटवर. लिंगायत बायकांची लग्नातली गाणी, अगदी स्वतःच्या आजीच्या गाण्यांपासून, तिने गावोगाव फिरून गोळा केलेली. पुण्याचे एक प्रकाशक ती जाड बांधणीत छापायला तयार होते, पण इंटरनेटवर टाकायची नाहीत या अटीवर. मग गाणाऱ्या बायकांनी ती बघायची कुठे? रुद्राणीने ग्रंथ एका विद्यापीठाला दिला. त्यांनी तो कुणालाही फुकट वाचता येईल असा ठेवला.

वडिलांच्या, वीरभद्रअप्पांच्या, हे जिवाला लागलं. जन्मभर कापडाचं दुकान केलेला माणूस. "फुकटच्या मालाला कोन हात लावतंय?" एवढंच म्हणाले आणि हौसेने सगळा गोतावळा बोलावून बसले.

टेबलावर चकचकीत कागदात बांधलेलं, लाल फीत लावलेलं काहीतरी होतं. ते अप्पांनीच आणून ठेवलेलं. फोटोपुरतं हातात धरा, फीत सोडू नका, हे पाहुण्यांच्या कानात सांगायचं मात्र चहापाण्याच्या गडबडीत राहून गेलं. पाहुणे, निवृत्त प्राचार्य अण्णासाहेब, यांनी रीतीप्रमाणे फीत सोडली, कागद काढला. आत कापडाच्या ताग्यातला पुठ्ठा निघाला, ग्रंथाच्या मापाने कापलेला. त्यावर गिरणीच्या छापातला अर्धा हत्ती.

फोटोग्राफरने सवयीने फोटो काढला. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. रुद्राणीला बापाचा राग आला आणि कीवही आली. अप्पांनी पुठ्ठा गुपचूप परत घेतला.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. बसवकल्याणला दिलेली थोरली बहीण, कावेरी. अप्पांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. तिचा रडका आवाज सगळ्या सभागृहाने ऐकला.

"वीरू, पोरीनं सकाळी पाठवलेलं वाचायले मी. आईचं गाणं हाय रे त्यात. माझ्या हळदीला म्हणलेलं. मी पार इसरले होते. तू वाचलंस का?"

पाठवलेलं अप्पांनाही होतं. छापून आलं की वाचीन, म्हणून त्यांनी ते उघडलंच नव्हतं.

"वाचायलोय, अक्का," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मग पुठ्ठा खुर्चीखाली सारून त्यांनी मोबाईल लेकीपुढे धरला.

"कुठं दाबायचं असतंय?"