निजलेल्या घराची पाहणी

लॅचमध्ये बाहेरून चावी फिरली, तेव्हा प्रेरणा हॉलमध्ये भिंतीकडं तोंड करून माऊलीला पाजत होती. तिनं पदर ओढेपर्यंत दार उघडलंसुद्धा.

"व्हिजिट आहे, वहिनी." एजंट सोमनाथ बुटासकट आत आला. मोबाईल समोर धरलेला, व्हिडिओ कॉल चालू. "तात्यासाहेब लाईनवर आहेत, पैठणहून. नमस्कार करा मालकांना."

प्रेरणानं पाठमोरी राहूनच मान हलवली.

आतल्या खोलीत गोकुळ झोपला होता. थर्ड शिफ्ट करून सकाळी आलेला, रात्री पुन्हा प्रेस मशीनवर उभा राहणार. त्या मशीनमध्ये हात घालून पत्रा ठेवावा लागतो. तिथं डोळा लागून चालत नाही. शेजारच्या मशीनवरच्या माणसाची बोटं गेली, त्या दिवसापासून प्रेरणा नवऱ्याची दिवसाची झोप राखायला लागली होती. कुकर तो यायच्या आधीच. भांडी ओट्यावर फडकं अंथरून. माऊलीनं रडायला तोंड उघडलं की लगेच पदराखाली.

पण झोप राखणं वेगळं आणि एजंटला अडवणं वेगळं. भाड्याचा करार संपत आला होता, आणि पुढचा करायचा की नाही ते हाच माणूस मालकाच्या कानात सांगणार होता. ती भिंतीकडं बघत पाजत राहिली.

सोमनाथनं कपाट उघडून बघितलं. त्यात तिचे परकर होते. बाथरूमचा नळ सोडून बघितला, फरशीवर बूट आपटून बघितला. मग आतल्या खोलीकडं वळला, तर दारात तिच्या सासूबाई उभ्या.

दगडाबाई नातवाला सांभाळायला गावाकडून आल्या होत्या. निवडत असलेली मेथीची जुडी हातात तशीच. सासूबाईंचा आवाज म्हणजे या बांधावरून त्या बांधावर जाणारा. आता भांडण होणार आणि गोकुळ उठणार.

"हळू, दादा," दगडाबाई म्हणाल्या, आणि त्या इतकं हळू बोलू शकतात हे प्रेरणाला पहिल्यांदाच कळलं. "लेकरू निजलंय."

"लेकरू तर जागं आहे की, मावशी." सोमनाथनं माऊलीकडं हनुवटी उडवली.

"ते तिचं. माझं आत हाय."

"अहो, भर दुपारी झोपा काढायच्या आणि वर आम्हालाच अडवायचं? भिंतीला ओल आलीय का बघायचं फक्त. लाईट लावतो, पडदा सारतो, दोन मिनिटं. साहेबांना वेळ नाही."

"व्हय का? द्या मंग साहेबाला इकडं."

त्यांनी हात पुढं केला तो अशा हक्कानं, की सोमनाथनं मोबाईल देऊन टाकला. दगडाबाईंनी तो दोन्ही हातांत ताटासारखा आडवा धरला. तात्यासाहेबांना आता घराचं छत दिसत असणार.

"रामराम, तात्यासाहेब. मी गोकुळची माय. तुम्ही गावात राहता का रानात?"

"रानातच. का बरं?" पलीकडून खणखणीत आवाज आला.

"पंपाची लाईट कवा असती सध्या तुमच्याकडं?"

"रातचीच की. लई हाल आहेत, बाई."

"नाय तर काय. आमच्याकडं तेच. मंग रातचं पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला कोण जातं?"

"थोरला पोरगा, कारभारी."

प्रेरणा बघत राहिली. या तात्यासाहेबांशी बोलायचं म्हटलं की ती आधी वाक्य मनात जुळवायची, मग ते विसरायची. आणि ही बाई त्यांच्याशी बाजारच्या दिवशी एसटीत शेजारी बसल्यासारखी बोलत होती. सासूबाईंच्या कोपराखालून तिला आतलं थोडंसं दिसत होतं. पलंगाच्या कडेला गोकुळचा हात पालथा पडला होता, पाचही बोटं सैल, माऊलीची झोपेत असतात तशी.

"आता कुठं हाय कारभारी?"

तात्यासाहेब मागं वळले असावेत. मोबाईलमधलं सगळं हललं आणि मग थांबलं. प्रेरणा माऊलीला खांद्यावर घेऊन दोन पावलं पुढं सरकली. पत्र्याच्या पडवीत एक बाज होती. बाजेवर एक माणूस तोंडावर टॉवेल घेऊन झोपला होता. पोटऱ्यांवर चिखल वाळलेला.

दगडाबाईंनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं, आपल्याच घरातल्याकडं बघावं तसं.

"माझ्याबी लेकाला रातचंच हाय, तात्यासाहेब," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं पाण्याचं, हितं लोखंडाचं."

सोमनाथचा हात चौकटीवरून आत, दिव्याच्या बटणापर्यंत पोचला होता. "साहेब," त्यानं मोबाईलकडं वाकून मोठ्यानं विचारलं, "लावू का लाईट?"

उत्तर आलं ते इतकं बारीक, की तिघांनाही कान पुढं करावे लागले.

"हळू बोल ना रे. कारभारी उठंल."