रजेची वाट

"बाबांना पुन्हा आयसीयूत नेलंय," तिने सोमवारपासून तिसऱ्यांदा सांगितलं.

कचेरीच्या मुख्य बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "ऐकून फार वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. आवाज खरोखरच मऊ झाला होता. ती आणखी काही बोलेल म्हणून त्या थोडा वेळ थांबल्या, मग पुन्हा नकाशाकडे वळल्या.

ती परदेशातून काम शिकायला आलेली. इमारतींचे आराखडे काढणाऱ्या या कचेरीत पुठ्ठ्याच्या घरांभोवती तारेची झाडं चिकटवायचं काम तिच्याकडे होतं. ती जागेवर येऊन गोंदाची बाटली उघडू लागली. तिच्या देशात, दादाच्या कारखान्यात तिने नुसतं 'बाबा' म्हटलं असतं, तरी मुकादम खेकसला असता, "अगं, मग अजून इथं काय करतेस? पळ!"

फोन थरथरला. दादा होता.

"रात्रीच्या विमानाचं तिकीट काढू ना?"

"बाईंनी अजून जा म्हटलं नाही रे."

"माणूस आहे की दगड? बाबा सारखे दाराकडे बघतायत गं."

"म्हणतील आज. आत्ताच तर लागलेय, तोंड वर करून रजा कशी मागू?"

दादाने फोन ठेवला.

दुपारी त्याचा पुन्हा फोन आला. तो बोलायच्या आधीच मागून आईचा हंबरडा ऐकू आला.

तिच्या हातातलं झाड खाली पडलं. बाई धावत आल्या.

"तू सोमवारीच का गेली नाहीस?"

"तुम्ही जा म्हणाला नाहीत."

"मी?" बाई पांढऱ्याफटक पडल्या. "वडील तुझे. त्यात मी कोण सांगणार? मला वाटलं, तुला इथंच थांबायचंय."

त्यांनी तिच्या खांद्याकडे नेलेला हात मध्येच आवरला आणि बाकीच्यांना खूण केली. प्रत्येकाने आपापला कप उचलला. पावलं न वाजवता सगळे बाहेर गेले. शेवटच्याने दार अलगद ओढून घेतलं.

तिला मोकळेपणी रडता यावं म्हणून काचेपलीकडे सगळे तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

ती उठून काचेजवळ गेली, आणि कुणीतरी वळेल म्हणून बघत राहिली.