ओट्यावरची मांजरं

व्हर्डेलला या कुजबुजीतून दमडी मिळणार नव्हती, मिळणार होता तो गेलेला मान. वस्तीतल्या पोरांना कॉलेजं दाखवायला बस न्यायची म्हणून अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातलं तिचं चर्च दरवर्षी तळलेल्या माशांची ताटं विकायचं, आणि ताटातली चीज घातलेली मॅकरोनी कायम व्हर्डेलची असायची. यंदा कमिटीनं ती नव्यानं आलेल्या अर्नेस्टीनला करायला सांगितली, आणि व्हर्डेलचा जळफळाट झाला.

"हाताला चव असेल हो तिच्या," विक्रीच्या दिवशी ती ताटं घ्यायच्या रांगेतल्या एकेकीच्या कानाला लागली, "पण ओट्यावर मांजरं फिरतात बाई. मी आपली सांगून मोकळी."

"अगंबाई! आमचं तर पोट भरलेलंच आहे," म्हणत एकेक जण सटकली.

संध्याकाळी बसचं भाडं काही निघेना. त्याच बसमधून व्हर्डेलची नातही जाणार होती. शेवटी व्हर्डेलनंच उरलेला सगळा माल गुपचूप विकत घेतला आणि मॅकरोनीचे ट्रे घरी आणले.

जेवताना नातीनं तिसऱ्यांदा ताट पुढे केलं.


"आजी, खरं सांगू? तुझी मॅकरोनी इतकी झकास आजवर कधीच झाली नव्हती!"