आत आलेली माणसं

सरोजताईंच्या विठ्ठलवाडीच्या नणंदेनं उंबरा ओलांडला आणि देवयानीनं समाधानानं वर पाहिलं. दारावरच्या कॅमेऱ्यानं मोजलं असणार.

"एकेक करून या हो," ती मागच्या बायकांना म्हणाली. "दोघी चिकटून आलात तर एकच धरतो मेला!"

बायका खिदळत आत आल्या. डोंबिवलीतल्या त्या जुन्या वाचनालयात आज चक्क हळदीकुंकू होतं. आता वाचनालयात कुणी हळदीकुंकू करतं का? पण ग्रंथपाल देवयानीच्या डोक्यात एकदा काही शिरलं की शिरलं. कुंकू लावणाऱ्या, न लावणाऱ्या, सगळ्यांना आमंत्रण. वाण म्हणून पुस्तकात घालायच्या रंगीत खुणा. कुणी शेजारीण आणली होती, कुणी थेट वर्तकनगरहून भाची बोलावली होती.

दिवाळीनंतर हा कॅमेरा बसला तेव्हा अध्यक्ष श्रीपादकाकांनी तिला बाजूला घेतलं होतं. "कमिटीत काहीजण म्हणतायत, वाचनालयात येतं कोण, बंद करा. हा कॅमेरा येणाऱ्या-जाणाऱ्यांची डोकी मोजेल. तू माणसं आण. आकडा दिसला की त्यांची तोंडं बंद. पुढचं मी बघतो."

काका म्हणाले, म्हणजे विषय संपला. तिला या खुर्चीत बसवलं ते काकांनीच. तिनं पदर खोचला. सकाळी आजोबा मंडळींना पेपर आणि चहा, शनिवारी मुलांना गोष्टी, परीक्षेच्या पोरांना पंखा आणि टेबलं. आतबाहेर उगाच चार फेऱ्या मारू या, असं कुणीतरी सुचवलं, तर केवढी भडकली! "खोटं एकही डोकं नको. खरी माणसं आणा." आणि खरंच, माणसं यायला लागली. जन्मात दिवाळी अंक न उघडलेल्या बायका कादंबऱ्या मागू लागल्या.

संध्याकाळी काका आले. बरोबर कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण होता. "हे हितेश. बघायला आलेत."

देवयानीला वाटलं, देणगीदार असावा. तिळाच्या वड्यांचं ताट घेऊन ती धावलीच. "या ना! हा बालविभाग. ही प्रवासवर्णनं. आणि त्या कपाटात ना, आमची सगळ्यात जुनी..."

हितेशनं वडी घेतली, थँक्यू म्हणाला आणि कपाटांकडे पाठ करून उभा राहिला. त्याची नजर दारावर आणि हातातल्या टॅबवर. तिथे आत येणाऱ्या प्रत्येक बाईच्या डोक्याभोवती हिरवा चौकोन उमटत होता.

"सर, एक नंबर," तो काकांना म्हणाला. "त्यात लेडीज आणि सीनियर सिटिझन. आपल्याला हाच क्राउड पायजे. कल्याणच्या शोरूमला पण एवढी माणसं नाय येत. ही कपाटं कधी निघतील?"

"कसली शोरूम?" देवयानीनं विचारलं.

हितेशनं काकांकडे पाहिलं. "मॅडमना सांगितलं नाय का? चष्म्याची."

ताट तिच्या हातात तसंच राहिलं. "काका?"

"अगं, बंद कुठे करतोय?" काका हसून म्हणाले. "वाचनालय वर गच्चीतल्या खोलीत नेऊ. छान उजेड आहे तिथे."

"गच्चीत? लिफ्ट तरी आहे का आपल्याकडे? गुडघे दुखणाऱ्या सरोजताई कशा चढणार? ते सकाळचे आजोबा?"

"ज्याला वाचायचंय तो चढेल."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, आकडा दिसला की वाचनालय वाचेल?"

"अगं, गेल्या वर्षी ही जागा कुणी फुकट बघायलाही येत नव्हतं. आता पार्टी स्वतःहून आली." काकांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. "सगळं तुझ्यामुळे, देवयानी. मिटिंगमध्ये तुझं नाव मी आवर्जून घेतलं."

तिचा आवाज एकदम खाली गेला. "काका, बंद करा म्हणणारे कमिटीतले कोण होते?"

काकांनी ताटातली एक वडी उचलली आणि ते चावत राहिले.

काकांनी तिला फसवलं, तेही गोड बोलून. पण त्याहून भयंकर म्हणजे, तिच्या तोंडानं बाकीच्यांना फसवलं. खोलीभर बायका बसल्या होत्या. सरोजताई नणंदेला कपाटातलं काहीतरी दाखवत होत्या. या सगळ्यांना घरोघर जाऊन, आग्रह करकरून, तिनंच तर बोलावून आणलं होतं.

तिनं ताट टेबलावर ठेवलं आणि ती दाराकडे गेली. पायऱ्यांवर कोपऱ्यावरच्या बिल्डिंगमधल्या नीरजाकाकू उभ्या होत्या, धापा टाकत. मागे त्यांच्या तीन शेजारणी, नटूनथटून.

"उशीर झाला का गं?" काकूंनी विचारलं. "तिघींना ओढूनच आणलंय बघ. एकेक करून येतो हां, म्हणजे चौघी धरेल तो."

देवयानीनं दोन्ही हात चौकटीला लावले.

"बंद केलंस की काय एवढ्यात?"

"वाचनालय उघडंच आहे, काकू," देवयानी म्हणाली. "फक्त आत येऊ नका."